चार सायकलींचा दिवस

"साहेब, तुम्ही मोजायला आलात त्या दिवशी आमच्या गावचा सण होता, ठाऊक होतं का?"

मैत्रिणींनीच पैज लावली होती. "विचारून दाखव, वडापाव माझ्याकडून!" हेमांगी म्हणाली होती. रोझलिनने विचारलंच, तेही माझा दांडा घट्ट धरून!

मित्रांनो, मी स्टेशनबाहेरचा एक जुना सायकल स्टँड आहे. सातिवलीच्या एका कारखान्यात माझे पाइप वाकवले, हिरवा रंग दिला. इथे आलो तेव्हा हार घातले, फोटो काढले. नंतर कोणी रंगाचा डबाही दाखवला नाही. तरी मी खूश होतो. रोज सकाळी सांडोर गावातून सायकली येत, घंट्या वाजत, हँडलला हँडल अडकत. तीस-चाळीस तर सहज! कोपऱ्यात रोझलिनची निळी. ती इथून गाडीने शाळेत जाते.

मग एका सकाळी माझं डोकंच चक्रावलं. ना घंटा, ना भांडण! रंग उडाला म्हणून सगळे रुसले की काय? नेमके तेव्हाच एक साहेब कागद घेऊन आले. मोजल्या चार. त्यातली एक पंक्चर. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाळीस! मला काही म्हणजे काही कळेना. सांडोरला चर्चचा सण होता, हिंदू शेजारीही तिथेच जेवायला होते, हे मला कोण सांगणार?

आठवड्याने पाटी लागली : 'स्टँड काढून स्कूटर पार्किंग'. रोझलिन रडवेली झाली. "मम्मी म्हणते, स्टँड गेला तर सायकल बंद. मग गावाजवळच्या शाळेत नाव घालणार."

तर आज ते साहेब टेप घेऊन आले आणि तिने तो प्रश्न विचारला. साहेब गोंधळले. म्हणजे सणाचं ठाऊक नसलेला मी एकटाच नव्हतो!

"सण? मला कोणी बोललंच नाही," ते कान खाजवत म्हणाले. "पण कागदावर चारच आहेत ना. दुसरा आकडा असेल तर सोमवारपर्यंत आणून द्या."

मित्रांनो, आम्हा वस्तूंना हात वर करून 'हजर' म्हणता येत नाही. आमच्याकडे एकदाच बघून निकाल लावू नका हो.

तेवढ्यात रोझलिनचे मम्मी-पप्पा स्कूटरवरून आले.

"रोझलिन बाय, चल लवकर, किती उशीर!" मम्मी म्हणाली.

"मम्मी, पप्पा, ऐका," रोझलिन म्हणाली. "उद्यापासून सोमवारपर्यंत मी पहाटे सहाला इथे उभी राहणार. येईल ती प्रत्येक सायकल वहीत लिहिणार. माझं ठरलंय!"