अठ्ठावीस तासांचं तिकीट

"आता कुठं असेल गं ती?" आईनं सकाळपासून पाचव्यांदा विचारलं. ऑपरेशन आठला होतं आणि पावणेसात वाजले होते.

"मधल्या विमानतळावरून निघालीय. अजून तीन हजार किलोमीटर. साडेदहाला उतरेल," मी म्हणाले. विमानाची तिकिटं काढून देणं हेच माझं बावीस वर्षांचं काम, त्यामुळे अंतरं मला पाढ्यांसारखी पाठ.

माझी धाकटी बहीण राहते तिथून इथवर तेरा हजार किलोमीटर. सरळ विमानानं पंधरा तास वीस मिनिटं. मी तिला अठ्ठावीस तासांचं तिकीट काढून दिलं, मध्ये नऊ तास ताटकळत बसवणारं. सरळ विमानात जागाच नाही, असं खुशाल ठोकून दिलं. नाहीतर ती काल रात्रीच आईच्या उशाशी येऊन बसली असती.

होय, जळते मी तिच्यावर. आईची औषधं, आंघोळ, डॉक्टरांकडच्या खेपा सगळं माझ्या गळ्यात, आणि कौतुक कुणाचं, तर आठवड्यातून दहा मिनिटं फोन करणाऱ्या धाकटीचं! परवा वॉर्डातल्या मावशींनी मला विचारलं, "तुम्ही सूनबाई का?" आईनं साऱ्या वॉर्डाला लेक एकच सांगितली होती. म्हटलं, निदान आत जाताना तरी तिच्या डोळ्यांपुढं मी एकटी असेन. तर आई माझ्या तोंडाकडे बघत धाकटीचाच ठावठिकाणा विचारत होती.

"ऐक," आई म्हणाली. "परवा तू जेवायला गेलीस, तेव्हा मी तुझ्या ऑफिसात फोन केला होता. तुझ्या शेजारच्या टेबलावरची म्हणाली, सरळ विमानात जागा आहेत की, आजी."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तिनं तुझ्यावर डूख धरला असता. मला काही झालं तर तुम्ही दोघीच उरता." आईनं कवळी काढून माझ्या हातात दिली. त्यानंतरचं बोलणं जरा बोबडं आलं. "तिला सांग, आईच म्हणाली होती, दगदग करू नको, सावकाश ये."

मग ट्रॉली आली.

साडेनऊला डॉक्टर बाहेर आले आणि माझ्यासमोर नुसतेच उभे राहिले.

धाकटी पोचली तेव्हा पावणेबारा झाले होते. पाय सुजून बुटात मावत नव्हते. रडून रडून थकली, माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली आणि म्हणाली, "ताई, डायरेक्टला एकसुद्धा सीट नव्हती का गं?"

मी आईचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं.

"सावकाश ये म्हणाली?" तिचा आवाज चिरकला. "म्हणजे आईला माझी ओढच नव्हती! मी वेडी तिकडे तासन् तास घड्याळाकडे बघत बसले, आणि आई म्हणते सावकाश ये?"

मी गप्प बसले असते तर निभावलं असतं. आई काही उठून तक्रार करणार नव्हती. पण तिची बाजू घेणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

"एकोणीस जागा रिकाम्या होत्या," मी म्हणाले. "तिकीट मीच तसं काढलं. आई आत जाईपर्यंत तुझंच विचारत होती."

धाकटीनं माझ्या खांद्यावरचं डोकं उचललं. ती उठली, आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.