इफ्ताहाच्या बायकोचा अध्याय

आता चूक कुणाची म्हणावी? त्या पुस्तकाला लाल कापड नसतं तर हे सगळं झेंगट उभंच राहिलं नसतं.

आष्टीच्या दवाखान्यात जालन्याहून बदलून आलेली एक ख्रिस्ती सिस्टर होती. तिच्याजवळ एक जाडजूड कादंबरी होती. पुठ्ठा फाटला म्हणून तिनं त्या कादंबरीला लाल कापड शिवून घातलं होतं आणि ती शिवकन्येला वाचायला दिली होती. शिवकन्या दहावी पास होऊन दोन वर्षं घरी बसलेली. वाचायला काही मिळालं की ही पोरगी जेवण विसरायची. पण तिचा बाप कारभारी कादंबरीच्या नावानं बोटं मोडायचा. कादंबऱ्या वाचून पोरी बिघडतात, असं त्याचं ठाम मत होतं, आणि एक तरी कादंबरी त्यानं वाचली होती का, तर नाही. म्हणून शिवकन्या माजघरात भिंतीकडं तोंड करून, ओठातल्या ओठात वाचत बसली होती.

तिच्या आईनं, गोजरबाईनं, दारातून पाहिलं. लाल कापड, हलणारे ओठ आणि वर श्रावण महिना. बाईला अक्षराची ओळख नव्हती. तिनं दुसरं काय समजावं?

"पोथी लावली व्हय गं?"

शिवकन्या दचकली आणि "हो" म्हणाली. वाटलं, सुटले.

कसलं सुटणं घेऊन बसलात! दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर पाट मांडलेला, पाटावर लाल कापडातली कादंबरी, तिच्यावर हळदकुंकू अन् झेंडूची फुलं. समोर शेजारची कडूबाई, पुष्पाबाई आणि आळीतल्या आणखी सात-आठ जणी हात जोडून बसलेल्या. पोथीची रीत अशी, की एकदा लावली म्हणजे अर्धी सोडायची नाही, आणि अध्याय सरल्याशिवाय जागचं हलायचं नाही. पोरीनं कपाळाचा घाम पुसला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

दूरच्या देशातली, फार जुन्या काळची गोष्ट होती. मेंढरं, तंबू, खडकाळ डोंगर, आणि इफ्ताह नावाचा एक सरदार. कडूबाईचं माहेर मेंढरं राखणारं. तिनं मान डोलावली, "आपल्यासारखंच हाये की सगळं." मग कुणालाच काही खटकलं नाही.

गोजरबाईचं अर्धं लक्ष मात्र पोथीत नव्हतं. तिच्या काळजाला निराळाच घोर लागलेला होता.

उन्हाळ्यात कारभारी सरपंच झाला होता. झाला म्हणजे कसा, तर एका मतानं. पंचायतीच्या बैठकीत रामरावानं हात वर केला म्हणून झाला. आणि तो हात वर व्हावा म्हणून कारभाऱ्यानं चार माणसांत रामरावाला शब्द दिला होता, "मी सरपंच झालो तर माझी पोर तुमच्या भुजंगाला." भुजंग रामरावाचा थोरला. वय चौतीस. पहिली बायको विहिरीत सापडली होती. पाय घसरला म्हणाले. सहा वर्षं त्याच विहिरीच्या पायऱ्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या बाईचा पाय एका सकाळी घसरला म्हणे! गावाला सगळं माहीत होतं आणि गाव गप्प होतं. गोजरबाई तेव्हा रडली, पाया पडली. कारभारी म्हणाला, "शब्द गेलाय आता." मग तीही गप्प झाली, जशी पंचवीस वर्षं होत आली होती. सुपारी येत्या सोमवारी फोडायची ठरली होती.

चौथ्या दिवशी पोथीत लढाई आली. इफ्ताह देवाला बोलला, मला जय दे, मग परतल्यावर माझ्या दारातून पहिलं जे कोणी सामोरं येईल त्याचा होम करीन. जय मिळाला. घरी आला, तर दारातून डफ वाजवत, नाचत बाहेर आली त्याची एकुलती एक पोर.

बायकांनी तोंडाला पदर लावले.

कारभारी ओट्यावर तंबाखू मळत ऐकत होता. पोथी चालू म्हणून डोक्याला टोपी घालून बसला होता शहाणा. त्यानं चुना लावला आणि म्हणाला, "वा! याला म्हणत्यात मर्द. पोटच्या पोरीसाठी बी शब्द फिरवला न्हाई."

गोजरबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढ्या जणी रडत होत्या आणि हा माणूस वा म्हणत होता! त्याच्या हातातली तंबाखू उधळून द्यावी असं तिला वाटलं. पण अध्याय सरायचा होता. ती बसून राहिली.

शनिवारी सिस्टर लेकरांना लस टोचायला आळीत आली. पाटावर आपली कादंबरी हळदीकुंकवानं माखलेली पाहून ती उभ्या जागी थिजलीच. "अहो मावशी, ही पोथी नाही! आमच्या पवित्र शास्त्रातली एक गोष्ट घेऊन एका बाईनं लिहिलेली कादंबरी आहे ही."

शिवकन्या मान खाली घालून रडायला लागली. पुष्पाबाईनं घाबरून पुस्तकाला पुन्हा नमस्कार केला. गोजरबाईनं मात्र पोरीकडं पाहिलंसुद्धा नाही.

"ते असू द्या सिस्टर. मला एक सांगा. त्या पोरीची माय कुठं होती?"

सिस्टर म्हणाली, "शास्त्रात आईबद्दल एक शब्दही नाही. पोरीचंसुद्धा नाव नाही. लिहिणारीनं आई आपल्या मनानं घातली आहे. पुढच्या अध्यायात येते ती."

"वाच गं," गोजरबाई म्हणाली.

"आई, कादंबरी आहे म्हणल्यावरबी?"

"मंग तर वाचच."

त्या अध्यायात बाप पोरीला डोंगराकडं घेऊन निघतो, आणि आई आत पीठ मळत बसलेली असते. पुरुषांच्या पुढं कशी जाऊ, म्हणून मळतच राहते. पीठ केव्हाच मळून झालेलं असतं.

अध्याय सरला. गोजरबाई आपल्या हातांकडं बघत होती.

"जळलं मेलं तिचं पीठ," ती एकदम ओरडली. "उठून दारात उभं राह्याला काय धाड भरली होती रांडंला?"

सोमवारी रामराव आला. संगं भुजंग, नवा शर्ट घालून, आणि गावातले थोरले म्हणून अप्पाराव. चहा झाला. सतरंजीवर पाट मांडला, सुपारी काढली. कारभाऱ्यानं आत हाक दिली, "अगं, पोरीला आण जल्दी. कुंकू लावायचंय."

गोजरबाई बाहेर आली. एकटीच. डोक्यावरचा पदर नीट केला, चार पुरुषांच्या मधून चालत गेली आणि पोरीसाठी मांडलेल्या पाटावर स्वतः मांडी घालून बसली.

कारभाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. "काय करून राह्यली तू? शिवकन्या कुठंय?"

"ती आत हाये. येणार न्हाई."

"मी शब्द दिलाय!"

"तुमी दिलाय ना? मंग तुमी जावा त्यांच्या घरी नांदायला. माझ्या पोरीनं कुणाला शब्द दिला न्हाई, मी बी न्हाई." मग ती भुजंगाकडं वळली. "त्या बाईचा पाय कसा घसरला, ते सांगता का आधी? अप्पाराव बसलेत. चार माणसांत सांगा. मला ऐकायचंय."

भुजंगानं मान फिरवली. दारात कडूबाई, पुष्पाबाई आणि आळीतल्या सगळ्या जणी येऊन उभ्या राहिल्या होत्या. एकीच्याही हातात काम नव्हतं. अप्पारावांनी हळूच सुपारी उचलून परत पिशवीत टाकली.

"सरपंच," रामराव उठत म्हणाला, "माझा हात वर जातो तसा खाली बी येतो. बराबर ध्यानात ठेवा."

"ठेवतील," गोजरबाईच म्हणाली.

सगळे गेल्यावर कारभारी सतरंजीवरच बसून राहिला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तो ओरडेल, हात उगारेल असं वाटून शिवकन्या आईच्या पाठीशी येऊन उभी राहिली. पण त्याच्यात तेवढंही बळ उरलं नव्हतं.

"त्या कादंबरीनं डोस्कं फिरवलं तुझं," तो म्हणाला. मग लहान पोरासारखं विचारलं, "आता मी सरपंच न्हाई ऱ्हाणार?"

"न्हाई," गोजरबाई म्हणाली. "पोर ऱ्हाईल."