उलटं घर

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या कडेला नवीन घरांची वसाहत होत होती. मालविका तिथल्या सेल्स ऑफिसात होती. जन्म इथलाच, मराठी घरापुरती. मॅनेजर स्टुअर्ट मात्र मराठी गिऱ्हाईक आलं की तिलाच पुढे करायचा.

तसेच मिहीर आणि चैत्राली आले होते. दोघंही नागपूरचे, आयटीतले. नमुन्याच्या घरातल्या स्वयंपाकघरात चैत्राली खिडकीशी थांबली. बाहेर शेत, सकाळचं ऊन.

"आमचंही असंच असेल ना?"

"हो, सेम टू सेम," मालविका म्हणाली होती. तिलाही तसंच वाटत होतं.

घर आठ महिने उशिरा तयार झालं. ताब्याच्या आधी दोघं बघायला आले. चैत्राली स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच ओरडली, "मिहीर, इकडे ये!"

खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या गॅरेजची भिंत होती. हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. शेताकडची खिडकी जिन्याखालच्या टॉयलेटला होती, तीही दुधी काचेची.

मालविकाने नकाशे काढले. आरशात दिसावं तसं हे घर उलटं बांधलं होतं. वसाहतीच्या मोठ्या नकाशात, प्लॉटच्या नंबराशेजारी, तशी बारीक खूण होती. तिने ती कधी पाहिलीच नव्हती.

"सॉरी, माझा चूक आहे," ती म्हणाली. "पण मी भांडते त्यांच्याशी."

ती खरंच भांडली. स्टुअर्ट ईमेल वाचता वाचता म्हणाला, खूण नकाशात आहे, सही त्यांची आहे. नको असेल तर सोडा म्हणावं, रांगेत लोक आहेत. तिने हेड ऑफिसला तीनदा लिहिलं. दर वेळी तेच उत्तर, फक्त खालचं नाव वेगळं.

मिहीर आणि चैत्राली राहत होते त्या भाड्याच्या घरात नवे भाडेकरू ठरले होते. त्यांच्या मुलीला, सान्वीला, इथल्या शाळेत प्रवेश मिळाला होता. सोडून जाणार कुठे?

किल्ल्या द्यायच्या दिवशी मालविका कंपनीची भेटीची टोपली घेऊन दारात उभी राहिली. चैत्रालीने किल्ल्या घेतल्या, टोपली नाही.

"एक विचारू? तू घेतलं असतंस हे घर?"

"मला कुठे परवडतं, ताई. मी मॉम-डॅडकडेच राहते."

"ते नाही विचारलं मी."

मालविकाने टोपली दारापाशी खाली ठेवली.

मिहीर मधे पडला, "जाऊ दे गं, तिच्या हातात काय होतं?"

"कुणाच्याच हातात काही नसतं इथे!" चैत्राली म्हणाली आणि आत गेली. मग आतून ओट्याची कपाटं जोरजोरात उघडल्या-मिटल्याचे आवाज येत राहिले.

पुढच्या शनिवारी पुण्याचं एक जोडपं दुसऱ्या एका प्लॉटसाठी आलं. मालविकाने त्यांना नमुन्याच्या घरात न नेता आधी मोठा नकाशा उलगडून दाखवला. "हा बघा, तुमचा घर उलटा आहे. इथे भिंत येणार." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आभार मानले आणि निघून गेले.

स्टुअर्ट दिवसभर तिच्याशी बोलला नाही. तोच प्लॉट संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विकला. त्याने नकाशा उघडलाही नव्हता.