गोठ्याच्या दारावरची फळी

गॅबरीच्या ट्रॅक्टरच्या दुकानातली ती प्लॅस्टिकची खुर्ची आता ओर्लीनच्या चांगली ओळखीची झाली होती. बसलं की डावीकडे कलायची. एप्रिल लागल्यापासून केडी नवरा-बायकोची ही कितवी खेप होती देव जाणे. रस्त्यात ढोपरभर चिखल, येताना पिकअप एकदा रुतलेली, आणि एवढं करून पोचल्यावर तिचा नवरा हॉलिस आज पुन्हा ट्रॅक्टरच्या बसायच्या गादीपासून सुरुवात करत होता. गादी काळी घ्यावी की राखाडी? ओर्लीनने डोळे मिटून घेतले. सत्तरीला टेकलेल्या बाईने गादीच्या रंगापायी किती जीव काढायचा, याला काही मर्यादा आहे की नाही.

मुळात नवा ट्रॅक्टर घ्यायची वेळ आली ती हॉलिसच्याच कर्माने. गेल्या पानगळीत त्याने जुन्या ट्रॅक्टरच्या पुढच्या, माती उचलायच्या बकेटमध्ये भलाथोरला दगड उचलला. मागे वजन म्हणून काही अडकवलेलं नव्हतं, आणि तसाच तो मेपलच्या राईखालच्या उतारावर आडवा शिरला. मागचं चाक उचललं आणि ट्रॅक्टर कलंडला. अशा वेळी माणूस चिरडू नये म्हणून तर गादीमागे लोखंडी कमान असते. पण हॉलिसची कमान बिजागरीवर दुमडून मागे पडलेली. गोठ्याचं दार बुटकं, आत शिरायचं तर कमान पाडावी लागते. बाहेर आल्यावर ती उभी करून खीळ घालायची, हे या डोंगरातल्या एकूण एक पुरुषाला तोंडपाठ आहे आणि करत मात्र कोणी नाही. दगडी कुंपणाने ट्रॅक्टर अर्ध्यावर अडवला म्हणून हॉलिस वाचला. जेवायला आला नाही म्हणून ओर्लीन शोधायला गेली, तर हा पाय अडकून, खांदा मोडून चिखलात पडलेला. अग्निशामक दलाची माणसं येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती पावसात बसून राहिली होती. तेव्हापासून हॉलिसच्या हातून साधी वाटी पडली तरी ती हातातलं काम टाकून धावायची. तिला गादी, दिवे, कप ठेवायची खोबण, कशाशीच देणंघेणं नव्हतं. नवा ट्रॅक्टर हॉलिसला घेऊन उलटू नये, आणि उलटलाच तर हॉलिस त्याच्याखाली सापडू नये, एवढंच तिला हवं होतं.

गॅबरी बिचारा सोशिक माणूस. हॉलिसने केबिन नको म्हणून सांगितलं, कारण केबिनमध्ये शहरातून आलेले डॉक्टर लोक बसतात. गॅबरीने मान डोलावली. हॉलिसला गिअरच हवे होते, मग क्लच दाबून दुखणारा स्वतःचा गुडघा आठवला आणि तो बिनक्लचच्या पेडलवर आला, तेही गॅबरीवर उपकार केल्यासारखा. गॅबरीने पुन्हा मान डोलावली आणि बोलणं एकदाचं वजनावर आणलं.

एवढासा ट्रॅक्टर, तो म्हणाला, पुढे बकेट भरली की मागून पिसासारखा हलका होतो. तेव्हा मागच्या टायरांत बीटाचा रस भरून घ्यावा आणि मागे सिमेंट ओतलेली पेटी अडकवावी. बीटाचा रस जड असतो, इथल्या थंडीत गोठत नाही आणि मिठाच्या पाण्यासारखा रिम खात नाही. यावर हॉलिसने नेहमीचं पालुपद लावलं. जड ट्रॅक्टर चिखलात रुततो, गवताचं रान दाबून टाकतो, आणि त्याच्या बापाने उभ्या आयुष्यात टायरांत रस भरला नव्हता.

"तुझ्या बापाकडे घोडे होते," ओर्लीन डोळे न उघडताच म्हणाली.

गॅबरी कॉफी आणायला म्हणून उठून गेला. तो परत येईस्तोवर हॉलिस वाद घालेल असं ओर्लीनने धरलं होतं, तशी तिने कंबरही कसली होती. पण हॉलिस एकदम म्हणाला की भर म्हणावं रस, पेटीही लाव, चाकंही एकमेकांपासून लांब, रुंदावर बसव. एवढ्या सहज हा बाबा लग्नालासुद्धा हो म्हणाला नव्हता. ओर्लीनला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण ती इतकी दमली होती की तिने नुसता सुस्कारा सोडला.

मग कमानीचं निघालं. ओर्लीनने न दुमडणारी मागितली. गॅबरीने डोकं खाजवलं. हे मॉडेल दुमडत्या कमानीचंच येतं, दुसरी मिळत नाही. मग बिजागरी वेल्डिंग करून टाक, ओर्लीन म्हणाली. तेही जमणार नव्हतं. कमानीला वेल्डिंगचा डाग दिला की तिच्या ताकदीचा भरवसा राहत नाही, कोणीही शहाणा दुकानदार तिला हात लावणार नाही.

"मी ती उभी करून तुमच्या ताब्यात देतो, मिसेस केडी," गॅबरी म्हणाला. "पुढे ती उभी ठेवणं माझ्या हातात नाही."

ओर्लीनने नवऱ्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता, जणू तिथे काहीतरी वाचण्यासारखं लिहिलंय. आता तिला उलगडा झाला. रस कबूल, पेटी कबूल, कारण हे एक कलम आपल्याच हातात राहणार, हे लबाडाला आधीपासून ठाऊक होतं.

पिकअप पुन्हा चिखलाच्या रस्त्याला लागली.

"बाहेर काढलास की कमान उभी करशील?" तिने विचारलं.

"करीन."

"मागच्या वेळीही करीन म्हणाला होतास."

"दिवसातून दहादा आत-बाहेर करायचं असतं, ओर्लीन. दर वेळी उतरा, खीळ काढा, खीळ घाला. माझा खांदा वर जात नाही आता."

हेही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तिला जास्त चीड आली. मग त्या फळीचं बघ, ती म्हणाली. गोठ्याच्या दारावर हॉलिसच्या आजोबांनी एक रुंद फळी आडवी ठोकलेली होती, घोड्यांना वारा लागू नये म्हणून. घोडे जाऊन जमाना झाला होता. छपराचा भार पेलणारी खरी तुळई त्या फळीच्या वर होती, आणि मधे चांगली दोन हात जागा होती. फळी काढली तर कमान उभी ठेवून ट्रॅक्टर आरामात आत जाईल. पण फळीला हात लावला की सगळा गोठा खाली येईल, असं हॉलिस लग्न झाल्यापासून सांगत आला होता. ओर्लीनने त्या गोठ्यात जन्मभर गवत रचलं होतं. कशावर काय टेकलंय हे तिला त्याच्याइतकंच कळत होतं.

"आजोबांनी स्वतः ठोकलीय ती," हॉलिस म्हणाला आणि त्याने रेडिओ लावला.

पुढे बोलायचं तिच्या अगदी जिवावर आलं. तेच तेच किती वर्षं दळायचं?

ट्रॅक्टर आला त्या दिवशी हॉलिसने मोठा देखावा केला. दारातून बाहेर काढला, उतरला, कण्हत कमान उभी केली, खीळ घातली आणि बायकोकडे बघून टोपी काढली. ओर्लीन हसली. मनातून तिला बरंही वाटलं, हे कशाला लपवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंड्यांचा तवा घासत होती. खिडकीतून ट्रॅक्टर जाताना दिसला. हॉलिस वरच्या राईतली लाकडं आणायला निघाला होता, त्याच उतारावरून, बकेट पुढे आणि कमान मागे पडलेली. एक दिवस, अवघा एक दिवससुद्धा धड गेला नव्हता.

तिने हाक मारली नाही. राग यायला हवा होता, पण तोही आला नाही. ती तवा तसाच टाकून खुर्चीवर बसली. थोड्या वेळाने उठली, हात पुसले, कोट चढवला. अवजारांच्या खोलीतून हातकरवत घेतली, शिडी ओढत ओढत गोठ्यापर्यंत नेली आणि दाराला लावली. शिडीचा एक पाय चिखलात खचला. ती तशीच चढली.

फळी जुनी, वाळून लोखंड झालेली. चार-पाच हिसके दिले की हात भरून यायचे. ती थांबायची, कपाळ फळीला टेकवायची, पुन्हा सुरू करायची. एक टोक कापून झालं आणि शिडी सरकवून ती दुसऱ्या टोकाला भिडली, तेव्हा लाकडं भरून हॉलिस परत आला. इंजिन बंद झाल्याचं तिला ऐकू आलं.

"खाली उतर. पडशील."

"पडेन."

"शिडीखाली चिखल आहे, ओर्लीन."

"तुझ्या चाकांखालीही होता."

ओर्लीनने करवत थांबवली, पण मागे वळली नाही.

"मला पुन्हा तुझं डोकं मांडीवर घेऊन बसायचं नाहीये," ती म्हणाली. "मी दमले रे. माझ्याच्याने पुन्हा होणार नाही."

वळचणीचं पाणी तेवढं ठिबकत होतं. मग तिला त्याचं कण्हणं ऐकू आलं, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला आणि खीळ खट्कन बसली. तिने खांद्यावरून पाहिलं. कमान उभी होती. आता ट्रॅक्टर दारापेक्षा उंच झाला होता, फळी निघाल्याशिवाय आत जाणार नव्हता.

हॉलिस चिखल तुडवत आला. शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर तो दोन्ही पायांनी चढला आणि त्याने बाजूचे दांडे धरले. डुगडुगणारी शिडी स्थिर झाली.

"नीट जोर दे," ती म्हणाली.

"देतोय. माझ्यात काही बीटाचा रस भरलेला नाही."

ती पुन्हा कापू लागली. भुसा त्याच्या टोपीवर पडत होता, कॉलरमधून मानेत जात होता. मोडलेला खांदा ठणकत असणार, तिला माहीत होतं. फळी खाली येईपर्यंत तो तिथून हलला नाही.