सीटवर माणूस नको

मित्रांनो, बंब म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर घंटा वाजवत धावणारं काहीतरी मोठं येईल, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी जुना, लाल आणि तळहातावर मावणारा आहे. मूठभर ठोकळे, चार चाकं, एक शिडी आणि सीटवर बसवायला एक निळा माणूस, एवढाच माझा संसार. त्या माणसाला नाव नाही, नाकडोळेही धड नाहीत. पण माझ्या गोष्टीत त्याच्याइतकं महत्त्वाचं कोणी नाही, तेव्हा त्याच्यावर लक्ष ठेवा.

माझा जन्म मेलबर्नमधल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे प्लॅस्टिक वितळवून साच्यात दाबायचे आणि निवलं की ठोकळे मोकळे करायचे. मला खोक्यात भरणाऱ्या बाईने माझं एक चाक उगाच फिरवून पाहिलं होतं, ते अजून आठवतं. पुढे एका नाताळच्या सकाळी यॅराबिन गावाबाहेरच्या दूधवाल्या शेतकऱ्याच्या घरी माझं झाकण उघडलं. मर्व्ह आणि डल्सी यांचा धाकटा, ट्रेव्हर, मला बघून असा हरखला की जेवायला टेबलाशी यायलाच तयार होईना. त्याची थोरली बहीण ग्लेनिस म्हणाली, याच्या ताटात बंबच वाढा.

त्या दिवसांत माझी चंगळ होती. कोंबड्यांच्या खुराड्याला रोज आग लागायची आणि मी ती साबणाच्या पाण्याने विझवायचो. मग शिडी हरवली. खोकं कुत्र्याने फाडलं. ट्रेव्हर मोठा झाला, शिकायला शहरात गेला आणि तिकडचाच होऊन बसला. मी धुण्याच्या खोलीतल्या डब्यात कपड्यांच्या चिमट्यांखाली पडून राहिलो. फार वाटायचं, कोणीतरी एकदा बाहेर काढावं.

काढलं ते डल्सीने, आणि तेही रागाच्या भरात. मर्व्ह गावाचा खरा बंब चालवायचा. पगार नाही, काही नाही. आमच्याकडे गावाची आग गावानेच विझवायची. भोंगा झाला की हातातलं टाकून धावायचं. बंबाच्या शेडमध्ये एक फळी होती. चढण्याआधी आपल्या नावाचा बिल्ला तिच्यावर 'बाहेर'च्या बाजूला अडकवायचा, परतलं की 'आत'. आगीत कोण आहे ते एका नजरेत कळायचं. घरी मात्र काहीच कळायचं नाही. डल्सी कपडे वाळत घालून आत यावी तर नवरा गायब आणि चहा निवलेला.

एके दिवशी तिने मला चिमट्यांतून उपसलं, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं, निळा माणूस सीटवरून काढून शेजारी आडवा केला आणि मर्व्हला म्हणाली, "शेडमधली फळी दलाच्या कॅप्टनसाठी. ही माझ्यासाठी. जाताना याला बसव, आलास की काढ. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही."

तेव्हापासून मी खेळण्याचा नोकरदार झालो. माणूस सीटवर असला की घर दबक्या आवाजात बोलायचं. मर्व्ह परतला, काळ्या बोटांनी माणूस काढून आडवा केला, की डल्सी नुसतं "हं" म्हणायची आणि भांडी आपटायला घ्यायची. तेवढ्यात सगळं आलं. पुढे डल्सी वारली. ग्लेनिस काडीमोड घेऊन बापाजवळ राहायला आली, पण नेम मोडला नाही. उलट दोघांनी त्याला एक कलम जोडलं. वणवा आला आणि माणूस सीटवर दिसला, तर मर्व्ह दलाबरोबर आहे असं समजायचं. ग्लेनिसने त्याची वाट न बघता निघायचं. माणूस आडवा असेल तर दोघांनी मिळून निघायचं.

मर्व्ह आता म्हातारा झाला होता, पण ड्रायव्हर कमी पडला की नोएलीन त्याला बोलवायचीच. ही नोएलीन म्हणजे जुन्या कॅप्टनची मुलगी आणि आताची कॅप्टन. ग्लेनिस कुरकुरायची, मर्व्ह ऐकू न आल्याचं सोंग करायचा. तसं निम्मं तर खरंच ऐकू यायचं नाही.

आणि फेब्रुवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, एका शनिवारी सकाळी ट्रेव्हर आला.

पन्नाशी उलटल्यावर त्याला माझी आठवण अनावर झाली होती. कुठून कुठून शोधून त्याने माझ्यासारख्याच बंबाचं एक जुनं खोकं मिळवलं होतं, झाकण शाबूत, आत जोडणीचा कागद आणि शिडीसुद्धा. ग्लेनिस म्हणाली की शहरात पोराला करमत नसलं की तो अशा वस्तू गोळा करतो. पण ती हसत म्हणाली, आणि त्याच्यापुढे पावावर लोणी लावून ठेवलं.

वारा उत्तरेचा होता, वाळवंटाकडून येणारा, भट्टीचं दार उघडल्यासारखा. छपरावर ठिणग्या पडल्या तर विझाव्यात म्हणून घराच्या पन्हळी तोंडं बंद करून पाण्याने भरून ठेवल्या होत्या. ग्लेनिस गाई वरच्या उघड्या कुरणात हलवायला गेली. मर्व्ह दारातून ट्रेव्हरला म्हणाला की खाली शेततळ्यावर पंप बघून येतो. पंपाच्या धडधडीत कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून ते काढून त्याने खिशात टाकलं आणि पिकअप घेऊन उतारावरून खाली गेला. शेततळं खोलगट जागी, निलगिरीच्या झाडांआड. घरातून ते दिसत नाही.

ट्रेव्हरने मला टेबलावर घेतलं, सुटं केलं, धुतलं, पुसलं, कागद समोर धरून पुन्हा जोडलं. इतक्या वर्षांनी माझ्या पाठीवर शिडी चढली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला सुख झालं. त्याचे डोळे भरून आले होते. "असाच होतास बघ तू," तो मला म्हणाला. मग त्याने झाकणावरच्या चित्राशी मला ताडून पाहिलं. चित्रात माणूस सीटवर होता.

नको, ट्रेव्हर, असं मी किती ओरडलो असेन. पण ठोकळ्याला तोंड कुठे असतं? तो घर सोडून गेल्यावर हा नेम सुरू झाला होता, आणि चार दिवसांच्या पाहुण्याला तो मुद्दाम सांगावा असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. त्याने माणसाला टक् करून सीटवर बसवलं, फोटो काढला, मला खिडकीत पुन्हा ठेवलं आणि बर्फ आणायला गावात गेला.

थोड्या वेळाने पश्चिमेच्या डोंगरामागून धूर उठला. आधी पांढरा होता, बघता बघता तपकिरी झाला. गावातला भोंगा सुरू झाला तो थांबेचना. ग्लेनिस धावत आत आली. "बाबा!" अशी एकच हाक मारली आणि तिची नजर माझ्यावर पडली.

सीटवर माणूस. अंगणात पिकअप नाही. तिला आणखी काय हवं होतं?

"या वयात," ती दातओठ खात म्हणाली. "नोएलीनला लाज नाही आणि याला अक्कल नाही." मग मात्र तिने क्षणभरही वेळ घालवला नाही. मिज कुत्रीला गाडीत ढकललं, भिंतीवरचा डल्सीचा फोटो काढला, आणि दाराकडे जाता जाता मलाही उचललं. आम्ही निघालो. फाटकापाशी डावीकडे शेततळ्याची वाट फुटते. मी पुढच्या काचेपाशी होतो, ती वाट मला स्पष्ट दिसत होती. वळ, मी म्हणत होतो, एकदा वळ. ग्लेनिसने तिकडे मान फिरवली नाही. तिच्या लेखी तिकडे कोणीच नव्हतं. ठरल्याप्रमाणे, जराही न चुकता ती बापाला मागे टाकून चालली होती.

गावाच्या फुटबॉल मैदानावर सगळं यॅराबिन जमा झालं होतं. दुपार असून गाड्यांचे दिवे लागले होते. राख पडत होती, आणि बायका पावावर हात आडवा धरून सँडविचेस करत होत्या. ट्रेव्हर गर्दीतून धावत आला. रस्ता बंद झाल्यामुळे त्याला परत येता आलं नव्हतं. त्याने बहिणीला मिठी मारली, मग तिच्या खांद्यावरून गाडीत पाहिलं.

"बाबा कुठे आहे?"

"बंबावर. आणखी कुठे असणार?"

"पण तो तर पंप बघायला गेला होता. तळ्यावर. मला सांगून गेला."

"मग भोंगा ऐकून तिथून गेला असेल. माणूस सीटवर होता."

"कुठला माणूस?"

ग्लेनिसने मला त्याच्यापुढे धरलं. ट्रेव्हरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी फार जवळून पाहिला.

"ग्लेन," तो म्हणाला, "तो मी बसवला."

मला हातात धरून ती थेट मैदानालगतच्या शेडकडे पळाली, ट्रेव्हर मागे. नोएलीन बिनतारी यंत्रापाशी बसली होती. ग्लेनिसने आधी फळीकडे पाहिलं. मर्व्हचा बिल्ला 'आत'च्या बाजूला लटकत होता, धूळ खात. नोएलीनने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. आमचा रस्ता आगीने केव्हाच ओलांडला होता. वरच्या अंगाला एक बंब होता, त्यातल्या लोकांना तिने सांगितलं की जळून गेलेल्या बाजूने मागच्या वाटेने आत जाता आलं तर जा, मर्व्ह शेततळ्यावर आहे. पलीकडून खरखर आली. मग कोणीतरी म्हणालं, बघतो. त्यानंतर नुसती खरखर.

ट्रेव्हर म्हणाला, मी माझी गाडी घेऊन जातो. नोएलीन म्हणाली, तू गेलास की मला दोन शोधावे लागतील, खाली बस. तो बसला. पायरीवर, ग्लेनिसच्या शेजारी, पण हातभर अंतर ठेवून. मग त्याने माझ्याकडे हात केला. त्याला तो माणूस सीटवर बघवत नव्हता.

"हात लावू नकोस," ग्लेनिस म्हणाली.

"मी चुकलो गं. निदान काढून तरी..."

"आता तो खरंच बाहेर आहे, ट्रेव्ह. बसवला कोणीही असो, काढणार तो. दुसरं कोणी नाही."

त्याने हात मागे घेतला. ग्लेनिसचा अंगठा माझ्या छपरावर दाबलेला होता. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी इतका पुरा कधीच नव्हतो. शिडी पाठीवर, चारी चाकं जागेवर, सीटवर माणूस, सगळं झाकणावरच्या चित्राबरहुकूम. आणि मला वाटत होतं, कोणीतरी माझे तुकडे तुकडे करावेत, पण तेवढा माणूस खाली उतरावा.

वारा फिरला. ऊन उतरणीला लागलं. मैदानाच्या टोकाशी एक बंब आला, माझ्यासारखाच लाल असावा, पण रंग ओळखू येत नव्हता. त्यातून दोघे उतरले, आणि मग त्यांनी हात धरून तिसऱ्याला उतरवलं. तो डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखला होता, खांद्यावर ओली घोंगडी आणि एक भुवई साफ जळालेली. आग माथ्यावरून जाईपर्यंत मर्व्ह पिकअपमधली ती घोंगडी डोक्यावर घेऊन तळ्यात गळ्याइतक्या पाण्यात बसून राहिला होता.

ग्लेनिस त्याच्या अंगावर कोसळलीच. ती काय बोलत होती ते त्याला ऐकू येत नव्हतं. यंत्र खिशात भिजून गेलं होतं. घर जळून गेल्याचं त्याला वाटेत दिसलं होतं, ते त्याने दोन शब्दांत सांगितलं. मग त्याचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. त्याने मला घेतलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"मी नुसता पंप बघायला गेलो होतो," तो म्हणाला. "याला ड्युटीवर कोणी पाठवलं?"

ट्रेव्हर दोन्ही हातांत तोंड लपवून रडत होता. मर्व्ह एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्या नव्या शिडीकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. त्याने सुजलेल्या बोटांनी निळा माणूस काढला. एकदा निसटला, दुसऱ्यांदा निघाला. तो त्याने ट्रेव्हरच्या तळहातावर आडवा ठेवला आणि त्याची मूठ मिटवली.

"हं," ग्लेनिस म्हणाली. थेट आईसारखी.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. खिडकी गेली, टेबल गेलं, टेबलावरचं खोकं आणि जोडणीचा कागदही गेला. जुन्या वस्तूंचे जाणकार मला हातात घेतात आणि हळहळतात की खोकं नाही, कागद नाही, आणि माणूस सुटा ठेवलाय. मित्रांनो, कोणाच्या घरातली जुनी वस्तू तुम्हाला अर्धवट दिसली, तर ती प्रेमाने पुसा, जपा. पण नीट करण्याआधी घरातल्यांना एकदा विचारा. ती तशी का ठेवलीय, हे त्यांनाच ठाऊक असतं.

ट्रेव्हर आता उत्तरेचा वारा सुटला की मेलबर्नहून फोन करतो आणि तब्येत विचारायच्या आधी विचारतो, माणूस कुठे आहे? ग्लेनिस नव्या घराच्या नव्या खिडकीत डोकावते. मी तिथेच असतो, शिडीसकट, आणि माझी सीट रिकामी असते. मग ती सांगते की सगळे घरी आहेत.