हिरडीबाईंचा पूल

मी एक जुनी जादूगारीण आहे. उंची बोटभर, तुकडे दोन. मित्रांनो, तुमच्याशी बोलतो आहे तो वरचा तुकडा. खालच्याला तोंड नाही. त्याचंही म्हणणं मीच सांगणार, तेव्हा मधेच सांधा निखळला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कवळ्या बनवण्याच्या खोलीत झाला. दोन मुलींचे बाबा तिथे लोकांचे दात घडवत. कवळीच्या हिरड्यांसाठी जो गुलाबी मसाला असतो, त्यातला उरलेला त्यांनी साच्यात ओतला, घासला, चकाकवला. म्हणून मी नखशिखांत गुलाबी. मुलींच्या खेळासाठी थोर घराण्यातली सरदारकन्या म्हणून त्यांनी मला घरी आणलं, आणि मुलींचे मामा बघताक्षणी म्हणाले, "कसली सरदारकन्या? ही तर हिरडीबाई!"

नाव चिकटलं ते चिकटलंच.

खेळ असा. टेबलावर नकाशा. गोष्ट थोरली मुलगी चालवायची. मामांचा लढवय्या, शेजारच्या शिंपीकाकांचा चोर आणि धाकटीची मी. आपलं माणूस काय करतं ते ज्यानं त्यानं बोलायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. जमलं की फसलं, ते फासा सांगे. माझं काम एकच, पळवलं जाणं. राक्षस नेई, दरोडेखोर नेई, एकदा तर चक्क...

जाऊ दे. एका संध्याकाळी धाकटी म्हणाली, "बास झालं. हिरडीबाई घर सोडून जादू शिकणार."

"सरदाराच्या लेकीला कोण शिकवणार गं?" शिंपीकाका हसले.

"नाही शिकवलं तर चोरून शिकेल. तुमचा चोर आहे की ओळखीचा!"

काकांची मोडकी सुई माझ्या हाती काठी म्हणून आली. मी आगी लावल्या, धुकं पाडलं. माझं भारी कौतुक झालं. मग धाकटीच्या परीक्षा आल्या आणि मी डब्यात धूळ खात पडले. तेही सोसलं.

पण या टेबलाचा एक नियम जगावेगळा होता. खेळात जो मेला, त्याची मूर्ती खेळणाऱ्यानं आपल्या हातानं मोडायची. "नाहीतर मरण खोटं," थोरली म्हणे. मामांचे लढवय्ये मातीचे. कटकन मोडत, मामा हसत हसत नवा करत.

गेल्या रविवारी पूल आला. माझ्यामागे लढवय्या आणि चोर, दोघंही घायाळ. समोरून राक्षसांची झुंड. मी मधोमध.

"मी पूल पाडते," धाकटी म्हणाली.

"अगं, पुलावर तूच आहेस!" थोरली ओरडली.

"ठाऊक आहे."

माझ्या पायाखालचा नकाशा सरकला. मामा उभेच राहिले. "डोकं फिरलंय का? तिला पळव! माझा मरू दे, मी दुसरा करीन."

फासा पडला. पूल पडला. मी मेले.

मेले? मला तर सगळं ऐकू येत होतं!

धाकटीनं मला वाकवलं. मोडेना. मामांनी जोर लावला. मोडेना. कवळीचा मसाला तो, चावाचावी सोसायलाच जन्मलेला. मला वाटलं, सुटले.

"मोडत नाही म्हणजे मेली नाही," शिंपीकाका म्हणाले. "चला, खेळा पुढे."

"मेली, काका." ती मला घेऊन थेट बाबांच्या खोलीत गेली. "बाबा, करवत द्या."

बाबांचा चेहरा उतरला. "का गं? माझं काही चुकलं का हिच्यात?"

"नाही, बाबा. हिनं दोघांना वाचवलं."

 बाबांनी मला पकडीत धरलं आणि बारीक करवत लेकीच्या हातात दिली. "सरळ चालव. तिरकी गेली तर कड टोचेल."

ती रडत होती. पण करवत सर

ळ चालली.

मित्रांनो, मी अजून हादरलेली आहे. जिनं मला पुसलं, सजवलं, तिनंच! आणि त्याहून मोठा धक्का म्हणजे, जिला सोडवायला सगळे धावायचे, तिनं दुसऱ्यांना सोडवलं.

मामांचा लढवय्या अखंड आहे. हल्ली मामा त्याला दोन्ही हातांनी उचलतात. तुमच्या घरातही कुणीतरी असेल, दुसऱ्याच्या जिवावर वाचलेलं. त्याला तसंच उचला.