शून्याचा मान

ग्रामसभेत अक्षताच्या खांद्यावर शाल पडली, टाळ्या वाजल्या आणि बायडाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. मुरगूडजवळच्या त्या गावात घरोघर फिरून आजारी माणसं नोंदवणाऱ्या आशाताई दोघीच. वरच्या गल्लीला बायडाबाई, अकरा वर्षांची जुनी. खालच्या गल्लीला अक्षता, परवा लागलेली पोर. आणि मान कुणाला? तर हिला! का, तर तिच्या रजिस्टरात तीन महिने साथीचा एकही रुग्ण नाही.

"पोटुशी हाय म्हणून समद्यांना कौतुक!" घरी येऊन ती नवऱ्यावर, आकारामवर, फणफणली. "मी काय उन्हातान्हात पत्तं कुटत फिरत्या व्हय?"

पुढच्याच आठवड्यात तिच्या गल्लीत तिघांचे डोळे पिवळे झाले. कावीळ! नेमाप्रमाणे त्याच दिवशी आरोग्य उपकेंद्रात कळवायचं. तिनं पेन उघडलं आणि डोळ्यांपुढं ती शाल आली. रकान्यात ठसठशीत शून्य काढून ती तिघांना म्हणाली, "मुरगूडला दाखवून या. गावात बोलू नगासा."

महिन्याभरानं एका सकाळी बातमी आली, अक्षताला कावीळ झाली, दवाखान्यात हलवलं. सातवा महिना होता. खोटं कशाला सांगायचं, बायडाबाईला क्षणभर बरं वाटलं. मोडलं एकदाचं तिचं शून्य!

दुपारी आरोग्यसेवक गणपतराव अक्षताचं रजिस्टर घेऊन दारात आले. पानावर पहिलंच नाव होतं अक्षताचं, तिच्याच हातचं.

"गाडीत बसायच्या आधी लिवलंय पोरीनं," गणपतराव म्हणाले. "मला म्हणाली, दोन्ही गल्ल्यांचं पाणी एकाच टाकीचं, वरनं खाली येणारं. वर कोण आजारी न्हाय म्हंजे पाइप माझ्याच गल्लीत फुटून गटाराचं पाणी शिरलं असंल. बायडाक्काचं शून्य खोटं असायचं न्हाय. म्हणून आम्ही सकाळधरनं तिथंच खणालोय, काय घावंना."

बायडाबाई उंबऱ्याबाहेर आली.

"तिथं नगा खणू, दादा! माझ्या गल्लीत तिघं हायती. महिना झाला. मी लपवलं!"

गणपतरावांनी रजिस्टर मिटलं. "चूक आमची बी हाय," ते म्हणाले. "आम्ही शून्याला शाल घातली. अगं, आजार शोधून काढणं हेच तुमचं काम. शोधणारीला मान द्यायचा हुता!"

संध्याकाळी वरच्या गल्लीत, गटाराखाली, फुटका पाइप सापडला.

तीन आठवड्यांनी अक्षता घरी आली. पोटातलं बाळ सुखरूप होतं. बायडाबाईनं तिच्यापुढं सगळं कबूल केलं. "तुझ्यावर जळले गं मी!"

अक्षतानं तोंड फिरवलं. मग भिंतीकडं बघतच विचारलं, "आता किती हायती, अक्का, तुमच्या गल्लीत?"

"सात."

"लिवलंसा?"

"व्हय. नावानिशी."

तेव्हा कुठं अक्षतानं तिचा हात धरला.

वाचकहो, आशाताई दारात येऊन "घरात कुणाला ताप हाय का?" म्हणून विचारते, तेव्हा खरं सांगा. तिच्या वहीतला आकडा वाढला म्हणून तिला नावं ठेवू नका. त्या वहीत वेळेवर लिहिलेलं एक नाव शेजारच्या घरातलं बाळ वाचवतं.